मी उकिडवी बसते

“ए, ऊठ. ही काय झाड्याला बसायची जागा आहे?”

दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंनी हे मला सगळ्यांसमोर विचारलं. खुर्च्यांवरची माणसं हसली. कारखानदारांच्या घरची, साहेबांच्या घरची. मी फरशीवर उकिडवी बसले होते, गुडघे छातीशी घट्ट धरून. चौदा वर्षांची होते. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठले.

जन्मापासून माझ्या हृदयाला भोक. जिना चढला तरी ओठ निळे पडायचे. दम कोंडला की मी खाली बसायचे. असं बसलं की श्वास परत यायचा. कुणी शिकवलं नव्हतं, अंगालाच माहीत होतं. शाळेत गुरुजी म्हणायचे, जंगली कुठली, उभी राहा. आई म्हणायची, पोरीच्या जातीनं असं बसू नये. मी दरवेळी उठायचे.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा माझी शुद्ध हरपायला लागली होती. दरवेळी वाटायचं, आता डोळे उघडणारच नाहीत. झोपायची भीती वाटायची. सिल्वासात आमलीतल्या आमच्या खोलीत आईचा पदर मुठीत धरून पडायचे. सरकारी दवाखान्यानं हात टेकले. म्हणाले, हृदयाचाच डॉक्टर पाहिजे. तसा डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदा सिल्वासात यायचा, या खाजगी दवाखान्यात. म्हणून बाप खडोलीच्या कंपनीतली पाळी बुडवून मला घेऊन आला होता. आम्ही धुळ्याकडचे. सुपरवायझरपुढे ज्याचं तोंड उघडत नाही, तो इथे काय बोलणार?

उभी राहिले तसा डोळ्यांपुढे अंधार आला. भिंत धरली. आमच्या मागून आलेले खुर्चीवाले आत जाऊन आले. मग बाई बापाला म्हणाल्या, डॉक्टरांची निघायची वेळ झाली, पुढच्या महिन्यात या. बापानं हात जोडले.

“चाल, माय,” तो मला म्हणाला.

पुढचा महिना मला दिसेना. खरंच दिसेना. आज इथून गेले तर मरणार. तेही उभ्यानं, सांगितलेलं ऐकणाऱ्या गुणी मुलीसारखी. मी भिंत धरत डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेले आणि दारातच उकिडवी बसले. बाईंनी दंड धरून ओढलं.

“मी नाही उठणार,” मी म्हणाले. “उठले की मरते.”

बाप मध्ये आला. “तिले बसू द्या,” म्हणाला. त्याचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर बाहेर आले, पण दारात मी. त्यांनी माझी निळी नखं पाहिली. अशी कधीपासून बसतेस, विचारलं. लहानपणापासून, मी म्हणाले. ते बापावरच चिडले. “मग इतकी वर्षं काय करत होतात? ऑपरेशन तेव्हाच व्हायला हवं होतं.” आता मुंबईला न्या, म्हणाले, पण जिवाला धोका आहे.

बापानं मान खाली घातली. मी नाही घातली. मी काय लपून बसत होते? शाळेत बसले, रस्त्यात बसले, दवाखान्यात बसले. का बसतेस, हे कुणी विचारलं नाही. उठवलं मात्र सगळ्यांनी.

ऑपरेशन झालं. जगले. पण झालेला उशीर कुणी भरून देत नाही. अजून दम कोंडतो, अजून भीती वाटते. मग मी बसते. बाजारात, कचेरीत, लग्नाच्या मांडवात. साडी सावरून, उकिडवी. कुणी ऊठ म्हटलं तर त्याच्या तोंडाकडे बघत तशीच बसून राहते. श्वास परत आला की मगच उठते.