लाल निशाण

शेतात कुणी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवल्या की त्या धुराबरोबर मला जळगावबाहेरची मातीची धावपट्टी आठवते. सत्तरच्या दशकात तिथून कपाशीवर फवारणी करणारं विमान उडायचं आणि त्याला खाली घ्यायचं काम माझं होतं. वायरलेस नव्हता. वारा कुठला ते वैमानिकाला कळावं म्हणून पऱ्हाट्यांचा धूर करायचा. पांढरं निशाण दाखवलं की उतरायचं, लाल दाखवलं की वरच घिरट्या घालायच्या. त्या सकाळी मंत्रीही विमानाने येणार होते. हार घेतलेली माणसं औषधाच्या उग्र वासाने नाकाला रुमाल लावून उभी होती. तेवढ्यात दोन्ही विमानं दिसली, मंत्र्यांचं पुढे, आमचं मागे. "भाऊ, आपलं इमान खोकली ऱ्हायनं!" म्हातारा रखवालदार ओरडला. खरंच, इंजिन अडखळत होतं. मी लाल निशाण उचललं तसे आमच्या कार्यालयाचे साहेब खेकसले, "वेडा झालास? आधी मंत्री उतरतील!" "मंत्र्यांचं इंजिन धड आहे, साहेब." त्यांनी निशाण हिसकायला हात घातला, पण मी काठी सोडली नाही. मंत्र्यांचं मोठं विमान पुन्हा वर गेलं. मग मी पांढरं दाखवलं. आमचं विमान आदळतच उतरलं आणि पट्टीवरच बंद पडलं. सगळ्यांनी मिळून ते ढकलून बाजूला घेतल्यावर मंत्री उतरले. "आम्हाला कुणी फिरवत ठेवलं?" "मी," म्हणालो, "पाळी त्या अडखळणाऱ्या विमानाची होती." लगेच माझी धुळ्याला बदली झाली. जाताना ते सरकारी लाल निशाण मी ट्रंकेत घातलं. कार्यालयाने दोनदा मागितलं. अजून दिलेलं नाही.