स्टिरॉइडवाल्या बायकांचा बाक

संधिवाताच्या डॉक्टरकडे नंबर लवकर लागत नाही. आमच्या बाकावरच्या बायका गोळ्या विसरतील, पण एकमेकींची फजिती विसरत नाहीत. त्यात जास्त फजिती माझीच.

कोपरखैरण्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. सांधे सुजले तेव्हा स्टिरॉइडच्या गोळ्यांनीच मला उभं केलं. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "या गोळ्या बरीच वर्षं घेतल्या की हाडं ठिसूळ होतात. पडू नका. मनगट मोडलं तर लाटणं सुटेल." तेव्हापासून ओली फरशी दिसली की मला घाम फुटतो.

*

गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं. साताऱ्याकडं लग्नाला गेले, तर जाऊबाई म्हणाल्या, "मुंबई मानवली गं तुला. कशी भरलीयेस!"

मी दोन दिवस तोंड मिरवलं. फोटोत पार पुढं उभी राहिले.

परत आल्यावर डॉक्टरबाईंना ऐटीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती गोळ्यांची सूज आहे."

*

बाकावर नावड्याची मालन असते, मासळी विकणारी. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "अंगाला ऊन लागतं ना?"

"सगला जनम उनान गेलाय माजा," मालन म्हणाली.

मीही म्हटलं, हिची हाडं लोखंडाची. पण ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट माझ्याहून वाईट आला. डॉक्टरबाई चक्रावल्या. शेवटी विचारलं, "बाजारात छत्री लावता का?"

"लावतेच ना. उनान मासली खराब व्हते."

हसले मी. मग माझी पाळी आली. मी ऊन घ्यायचे, पण बंद खिडकीच्या काचेआड, डोक्यावरून पदर घेऊन. काचेतून आलेलं ऊन हाडांना लागतच नाही म्हणे. मालन घरी जाईपर्यंत हसत होती.

*

हाडांची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. मी गुरुवार धरला. उपास असतोच, पोट आयतंच रिकामं. उपासाला दूध चालतं आणि दुधात कॅल्शियम असतं, म्हणून गोळी पेलाभर दुधाबरोबर घ्यायला लागले. एवढी अक्कल एकटीकडं कशाला ठेवायची? बाकावर सगळ्यांना शिकवली. बँकेतून रिटायर झालेल्या कुलकर्णीकाकूंनी तर माझ्यासारखाच गुरुवार धरला.

डॉक्टरबाईंनी डोक्याला हात लावला. "दुधाबरोबर ती गोळी अंगी लागतच नाही. साधं पाणी, पेलाभर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. काकू, तुम्हीसुद्धा?"

"मॅडम, ही इतकी ठासून बोलते, की विचारायचं सुचतच नाही," काकू म्हणाल्या.

*

मग मी मुळावरच घाव घातला. स्टिरॉइडनं हाडं जातात ना, मग स्टिरॉइडच बंद. एका झटक्यात, मनानंच. थोड्याच दिवसांत उठता येईना, उलट्या, डोळ्यापुढं अंधार. रिक्षात घालून नेलं.

डॉक्टरबाई एवढ्या कधी चिडल्या नव्हत्या. "हाडं वाचवायला निघालात आणि जीव गेला असता. ही गोळी हळूहळू कमी करायची असते, तीही मला विचारून."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणूनच विचारायचं."

*

आणि एका सकाळी मी पडलेच. बाथरूमच्या दारात, कमरेवर, हात अंगाखाली. उठता येईना. मनात एकच, संपलं, आता केंद्राचं शटर खाली.

आमचे हे वाशीच्या मार्केटात माथाडी. जन्म पोती उचलण्यात गेला. लिफ्ट बंद होती. मी म्हटलं, "चार माणसं बोलवा."

"एका बाईला चार माणसं कशाला?" म्हणाले, आणि मला पोत्यासारखं पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून निघाले. शेजारीण दार उघडून बघत होती. "धक्का लागंल, बाजूला व्हा," असं ते तिच्यावर ओरडले. खाली आल्यावर सवयीनं विचारलं, "कुठं उतरवू?"

"दवाखान्यात," मी म्हटलं.

तिथं मनगटाचा आणि कमरेचा एक्सरे काढला. डॉक्टरबाईंनी तो उजेडापुढं धरून नीट बघितला. "काही मोडलेलं नाही. मुका मार आहे," म्हणाल्या. मी टेबलावरून उतरून उभी राहिले. हे खुर्चीतून उठायला गेले आणि वाकले ते वाकलेच.

नर्स स्ट्रेचर घेऊन आली. "पेशंट कोण?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.