वस्तादांची जर्मनीण

वस्ताद लोकांची नावं विसरायचे, पण कोणी केलेला अपमान विसरत नसत. माजलगावच्या धान्याच्या मोंढ्यासमोर एका हॉटेलवाल्यानं त्यांना एकदा सांगितलं होतं, "कपडे ऑइलचे हायेत, बाहेर बस." वस्ताद बाहेर बसले, चहा प्यायले, पेला स्वतः विसळून ठेवला आणि नंतर अकरा वर्षं रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा घेत राहिले. तिथला चहा अगदी पाणचट. तरी दर घोटाला अलीकडच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "वा! ह्याला म्हणतेत चहा!"

त्यांचे आईवडील नेकनूरकडचे, दरवर्षी ऊसतोडीला इकडं यायचे. वस्ताद ट्रकवर क्लीनर म्हणून लागले आणि ट्रकांखाली पाठ घासत मेकॅनिक झाले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एक दिवस ते दारात आले, हातात तेलकट पानांचं बाड. "मॅडम, हे वाचून सांगता का? चित्रं कळतेत, अक्षरं न्हाई कळत." ते सहा दशकांपूर्वीच्या एका जर्मन स्पोर्ट्स कारचं माहितीपुस्तक होतं. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा मी वाचायचे आणि ते ऐकायचे. गाडीचं खरं नाव घेताना त्यांची जीभ वळत नसे, म्हणून ते तिला "जर्मनीण" म्हणत.

जर्मनीण मालकांची होती. मालक म्हणजे शंभर एकर ऊस, दोन वेळा निवडणूक आणि कायम पांढरे बूट. गाडी नवी असताना हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या मुलानं मागवलेली. त्याच्याकडून ती एका डॉक्टरकडं गेली आणि डॉक्टरकडून मालकांच्या वडिलांनी ती एका बैलजोडीच्या बदल्यात आणली. पुढं ती वीस वर्षं कडब्याच्या शेडमध्ये पडून होती. पत्रा गंजलेला, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. वस्तादांनी ती चार वर्षांत उभी केली. जे भाग मिळाले नाहीत ते स्वतः घडवले. इंजिन चालू झालं तेव्हा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवून, मूठ कानाला लावून बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "चालतंय चांगलं. पण हे हिचं न्हाई."

मला वाटलं, हा त्यांचा नाद. पण त्यांनी माझ्याकडून जर्मनीतल्या कारखान्याला मालकांच्या सहीनं पत्र लिहवून घेतलं. उत्तर आलं, त्यात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग, चासीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर होता. चासी जुळली. इंजिन दुसऱ्याच गाडीचं निघालं. वस्तादांनी मालकांना सांगितलं, तर मालक हसले. "कुणाला कळतंय बे?"

"नंबर खोटं बोलत न्हाई, मालक," वस्ताद म्हणाले.

मग पुण्यातलं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आलं. वस्तादांनी नवा शर्ट शिवला. जर्मनिणीला पहिला चषक मिळाला. माइकवर मालकांना विचारलं, ही इतकी सुंदर कोणी केली? मालक म्हणाले, "खास जर्मनीहून माणूस बोलावला होता." वस्ताद गाडीला टेकून उभे होते. कोणीतरी विचारलं, हे कोण? मालक म्हणाले, "हा? गाडी पुसायला आणलाय."

वस्ताद एसटीनं परत आले. मला सगळं सांगितलं तेव्हा आवाज अगदी सपाट होता. फक्त शेवटी म्हणाले, "माझ्या आईनं ह्यांच्याच फडात ऊस तोडला. तिलाबी नावानं हाक मारली न्हाई कधी." मला इतका राग आला की चहा उतू गेला तरी कळलं नाही.

त्यानंतर ते सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून गावोगाव फिरू लागले. मालकांच्या वडिलांनी दुष्काळात गाडीचं इंजिन काढून पाणी उपसायला लावलं होतं आणि गाडीत नंतर दुसरंच बसवलं होतं, एवढं जुन्या सालगड्याकडून कळलं होतं. चकलांब्याजवळच्या एका विहिरीवर ते सापडलं, चिखलात, अर्धं गाडलेलं. शेतकऱ्याला त्याबदली वस्तादांनी चांगला डिझेल पंप बसवून दिला. चिखल धुतल्यावर नंबर दिसला. तोच. दोन वर्षं त्यांनी ते घराच्या मागच्या खोलीत दुरुस्त केलं आणि मालकांना पत्ता लागू दिला नाही.

मालक तिसरी निवडणूक हरले आणि गाडी विकायला काढली. बंगळूरहून संग्राहक आला, सोबत पारखी घेऊन. पारख्यानं आधी कारखान्याचं पत्र मागितलं, मग इंजिनाचा नंबर पाहिला, मग विचारलं, "दुरुस्ती कोणत्या जर्मन माणसानं केली? त्याचं नाव?" मालकांना नाव सांगता आलं नाही. सौदा तिथंच मोडला.

खरं इंजिन कुठं आहे हे तोवर गावात फुटलं होतं. मालक स्वतः वस्तादांच्या दारात आले. मी तिथंच बसले होते.

"वस्ताद, इंजिन देऊन टाका. तुमी म्हणाल तसं."

"मला कावून इचारता, मालक? ज्या जर्मन माणसानं गाडी केली त्याला इचारा की."

मालकांनी मान खाली घातली. वस्ताद उठले. "माइकवर बोल्लात ते माइकवर परत घ्या. गाडी कुणी केली ते नाव घेऊन सांगा. इंजिन मी सोता बसवून देतो, फुकट." मालक पांढरे बूट घालून निघून गेले. खरं सांगते, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पण ते नाव मालकांनी घेतलं नाही आणि वस्तादांनी इंजिन दिलं नाही. मागच्या वर्षी फुप्फुसांच्या आजारानं ते बीडच्या दवाखान्यात पडले होते तेव्हा मी विचारलं, "एकदा तरी ते इंजिन त्या गाडीत ऐकावं, असं मनात येत नाही?"

"लई येतं, मॅडम," ते म्हणाले. "रोज येतं." आणि भिंतीकडं तोंड वळवलं. चार दिवसांनी ते गेले.

शोकसभेला मालक आले. माइक हातात घेतला, डोळे पुसले आणि वस्तादांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट घेतलं. म्हणाले, "माझी गाडी ह्याच माणसानं आपल्या हातानं उभी केली. जर्मनीहून कुणी आलं नव्हतं." लोक हळहळले. मग माइक खाली ठेवून ते पहिल्या रांगेत बसलेल्या वस्तादांच्या पत्नी कमलवहिनींजवळ वाकले आणि हलक्या आवाजात इंजिनाचं काय करायचं ठरवलंय, असं विचारलं.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या कधी माइकला बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. नुसत्या आवाजानं सगळा मंडप ऐकेल असं म्हणाल्या, "त्यो ऐकायला होता तवा बोलायचं होतं, मालक. आता इंजिन मिळत न्हाई."

शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, हे मला कळतं. मी वाजवल्या.