मावशीच्या गच्चीवरचे वाल

दिल्लीला निजामुद्दीनला उतरले तेव्हा पर्समध्ये पैशांपेक्षा जपलेली एक पुरचुंडी होती. रोह्याच्या कडव्या वालांचं घरचं, शेवटचं बियाणं. मयूर विहारला मावशीने गच्चीवरच्या वाफ्यात दोनदा वाल पेरले, दोन्ही वेळा बी मातीतच कुजलं. आता सोसायटीचा सेक्रेटरी त्या जागेवर सोलर पॅनल लावायला टपला होता. “यंदा नाही उगवलं तर वाफा गेला गं,” मावशी फोनवर रडवेली झाली होती. म्हणून मी बी आणि अंगभर शहाणपण घेऊन निघाले.

आमच्याकडे पेरण्याआधी बियाणं कडुनिंबाच्या रसात भिजवतात, म्हणजे ते कुजत नाही. सोसायटीच्या आवारातला पाला मी ओरबाडू लागले तर गार्ड म्हणाला, “मैडम, इतना नीम? शुगर है क्या?”

“मुझे नहीं, बीज को।”

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि फांदी वाकवून धरली.

पाला वाटून, गाळून त्या हिरव्या पाण्यात वाल भिजवले. दुपारी सावलीत सुकवायचे, संध्याकाळी पेरायचे. तोवर मावशीने मला मेट्रोने करोल बागेत नेलं आणि एका दुपट्ट्यासाठी दुकानदाराला अगदी रडकुंडीला आणलं.

परतलो तर जिन्यातच फोडणीचा वास. जन्मभर सरकारी नोकरी केलेले, चहासुद्धा हातात मागणारे काका एप्रन बांधून उभे!

“सरप्राइज! वाल सोलून डाळिंब्यांची उसळ! पाणी किती खराब झालेलं यार, तीनदा बदललं. मग गरम पाण्यात टाकून सोलले.”

मावशीने कढईत डोकावलं. “अहो, ते बियाणं होतं!”

काकांनी घास घेतला. चेहरा पाहण्यासारखा झाला, पण माघार कसली? “अस्सल कडवे वाल! दिल्लीत कुठे मिळतो असा कडवटपणा?” गूळ घातला, खोबरं घातलं, पण म्हणतात ना, कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडूच. मला हसू येत होतं, पण मावशीकडे बघून आवरलं. मी निघेपर्यंत ती काकांशी एक शब्द बोलली नाही.

रोह्याला येऊन आठवडा झाला असेल, तिचा फोन आला. सेक्रेटरी टेप घेऊन मोजमापाला वर आला, तर वाफ्याच्या कोपऱ्यात वालाचे कोंब! गरम पाण्यातही न फुगलेले, म्हणून न सोलले गेलेले टणक गणंग काकांनी सालींसकट तिथे भिरकावले होते. मी एवढ्या लांब शिकवायला गेले आणि पेरणी झाली ती अशी.

“आणि सेक्रेटरी?”

“गेला टेप गुंडाळून!” मावशी हसत होती, रडतही होती.

मागून काका ओरडले, “तिला सांग, पेरणी माझी!”

“बिल्कुल तुमची,” इतक्या दिवसांनी मावशी त्यांच्याशी बोलली. “आता शेंगा येईपर्यंत पाणीही तुम्हीच घालायचं.”