बिल्ल्यावरचं गाव

नगरच्या स्टँडावर पुण्याहून आलेली औरंगाबादची गाडी लागली, आणि मी सामानासकट तिच्या एकेका खिडकीत डोकावत सुटलो. सुदाम येणार नाही, अशी माझी जवळजवळ खात्रीच झाली होती. आला नसता तर वाईट वाटलं असतं, आणि आला तर दोन दिवस माझा जीव टांगणीला लागणार होता. निघताना बायकोनं ऐकवलंच होतं, "तुम्हाला काळजीचं व्यसन आहे. तंबाखूचं तरी बरं, पोटात जात नाही." सुदाम मागच्या बाकावर बसला होता. शेजारच्या जागेवर टाकलेला रुमाल उचलत तो म्हणाला, "ये बिरू. तुला वाटलं असंल, मी पळालो."

सुदाम साळवे आणि मी, औरंगाबादच्या विद्यापीठात एका खोलीत राहून इतिहासाचं एम. ए. झालो. मी पैठणजवळच्या धनगराचा पोरगा, तो त्याच्या गावच्या बौद्धवाड्यातला. पुढं मी नगरला हायस्कुलात मास्तर झालो, तो पुण्याला पोस्टात लागला. मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्याच्या आईबापाचं घर गावानं जाळलं. म्हातारा-म्हातारी अंगावरच्या कपड्यांनिशी पुण्याला आली. त्या दिवशी सुदाम म्हणाला होता, आता मराठवाड्यात पाय ठेवणार नाही, आणि त्यानं ते पाळलं.

नामांतर अजून लोंबकळतच होतं. अशात आमच्या तुकडीला पंचवीस वर्षं झाली म्हणून आमच्यातल्याच प्रभाकर कुलकर्णीनं विद्यापीठातच दोन दिवसांचा मेळावा ठरवला. मी पुण्याला जाऊन सुदामची हनुवटी धरली. यात माझाही स्वार्थ होता. वैशाखात माझ्या मुलीचं लग्न होतं, आणि ते गावी करायचं असा थोरल्या भावाचा हट्ट होता. पोर सुदामला काका म्हणत त्याच्या मांडीवर वाढलेली. तो लग्नाला हवाच होता. मी मनाशी ठरवलं होतं की मेळावा नीट पार पडला तर परतीच्या गाडीत विचारायचं. तिथं कुणी वाकडा शब्द बोललं, तर मात्र मुसळ केरात.

प्रवरासंगमाचा पूल आला. गोदावरीत फाल्गुनातलं थोडकं पाणी होतं. पलीकडं मराठवाडा. बायाबापड्यांनी खिडकीतून पैसे टाकून हात जोडले. इतका वेळ पोस्टातल्या साहेबांच्या नकला करणारा सुदाम एकदम गप्प झाला. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं नेमकं तेव्हाच मागं वळून विचारलं, "कुण्या गावचं म्हनायचं पावनं?"

"पुण्याचे," मी घाईनं सांगून टाकलं.

"पुण्याला लोकं ऱ्हायला जात्यात. गाव कोन्तं?"

"झोपू दे की मावशी त्यांना," मी म्हणालो. सुदाम टक्क जागा होता. म्हातारी नाक मुरडून पुढं वळली.

वाळूज जवळ आलं तसं रान संपलं आणि पत्र्याच्या शेडी सुरू झाल्या. आमच्या शिकण्याच्या काळात इथं नुसती ज्वारी. माझे चुलते इथल्या शेतात मेंढरं बसवायचे (लेंडीखतासाठी कळप रात्रभर शेतात ठेवायचे). आता तिथं कारखान्यांच्या फाटकांपुढं सायकलींचे ढीग लागले होते. पाळी सुटली होती, त्यामुळं गाडी मुंगीच्या पावलानं चालली. म्हातारीची लेकही इथंच कुठल्याशा कारखान्यात डब्यांत गोळ्या भरायला होती. "शेतात गेली तर दिसभर ऊन, हितं पंखा हाय," ती कौतुकानं सांगत होती. भिंतींवर नामांतराच्या बाजूच्या घोषणा होत्या, विरुद्ध बाजूच्या होत्या, आणि कुणी शहराचंही दुसरं नाव रंगवून ठेवलं होतं. "सगळ्या गावाचं नावावाचून अडलंय म्हण की," सुदाम बोलला. बोलला एवढ्यानंच मला हायसं वाटलं.

ते फार टिकलं नाही. नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली, पिशव्या उघडायला लावल्या. स्टँडाबाहेर रिक्षावाल्याला विद्यापीठ म्हटलं, तर त्यानं कानाला हात लावले. "उधर नक्को बोलो साब, मोर्चा है. छावनी बोलो, गारखेडा बोलो, किधर भी छोडतूं." झालं! म्हणजे मेळावा विद्यापीठात होणारच नव्हता. मी गारखेडा सांगितलं. तिथं प्रभाकरचा नवा बंगला होता आणि आमचा मुक्काम त्याच्याकडेच होता.

आता खरी परीक्षा पुढं होती. प्रभाकरचे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, घरात सोवळं-ओवळं कडक. त्याची आई हयात होती, आणि एम. ए. च्या वेळी माझ्यासारख्या धनगरालाही तिनं ओसरीवरच पाणी दिलेलं मला आठवत होतं. दार त्या काकूंनीच उघडलं. मी सुदामच्या पुढं उभा राहिलो, जसा काही मार मीच खाणार होतो.

"हा कोळेकर ना? आणि हे कोण?"

"सुदाम साळवे," तो माझ्या मागून म्हणाला.

"या. पाय धुवून थेट आतच या, पोहे गार होतील." स्वयंपाकघरात टेबलाशी त्यांनी आम्हाला बसवलं. चहा आला तेव्हा मी तिन्ही कप निरखून पाहिले. एकसारखे, बारीक निळ्या फुलांचे. कान तुटलेला तेवढा माझा होता. काकूंच्या ते लक्षात आलं असावं. "काय रे, डोळे फाडून काय बघतोस? चहाच आहे," त्या म्हणाल्या आणि सुदाम पोहे तोंडात असताना ठसका लागेपर्यंत हसला.

प्रभाकर धावत-पळत आला. विद्यापीठातली खोली ऐनवेळी नाकारली गेली होती, म्हणून त्यानं वाळूजच्या आपल्या कारखान्याचं कँटीन झाडून घेतलं होतं. "काळजी करू नका, सगळा विचार केलाय मी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. माणूस सज्जन, पण सगळा विचार केलाय असं कुणी म्हणालं की मला धडकी भरते.

कँटीनच्या दारात टेबलावर बिल्ले मांडले होते. मागं कापडी फलक, 'स्नेहमेळावा' एवढंच लिहिलेला. विद्यापीठाचं नाव कुठंच नव्हतं. जुनं लिहावं तर एक चिडणार, नवं लिहावं तर दुसरा, म्हणून प्रभाकरनं दोन्ही गाळलं होतं. बिल्ल्यांचंही तसंच. "आडनावं काढून टाकली," त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. "आडनाव आलं की जात आली. नुसतं नाव आणि गाव. कुणाला खुपायला नको."

मी सुदामचा बिल्ला शोधला. 'सुदाम', आणि खाली ते गाव. ज्यानं घर जाळून त्याच्या आईबापाला बाहेर काढलं, ते. त्या गावाचं नाव मी इथंही लिहिणार नाही. प्रभाकरला काही ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यानं जे गाव सांगितलं ते त्यानं प्रेमानं लक्षात ठेवलं होतं. मी बिल्ला उचलून खिशात घातला. तेवढ्यात मागून हात पुढं आला.

"माझा दे की. का माझ्यावाटचा तूच लावतोस?"

"हरवलाय बहुतेक."

"बिरू, खिशातनं दोरा लोंबतोय."

त्यानं बिल्ला वाचला. चेहरा हलला नाही. गळ्यात घातलाही नाही. मुठीत धरून तो आत जाऊन बसला. पलीकडच्या शेडमधून पत्रा कापणारी यंत्रं धाडधाड वाजत होती. इथूनच त्याला घेऊन परत फिरावं, असं हजारदा मनात आलं.

प्रभाकरनं ओळखी करून द्यायला सांगितल्या. जो तो उठून नाव, गाव, मुलंबाळं, रक्तदाब सांगू लागला. कोण परभणीकडचा, कोण लातूरचा. कुमुद, आमच्या तुकडीतली एकमेव मुलगी, आता नातवंडांची आजी, म्हणाली, "माहेरचं गाव सांगू का सासरचं? गावं मला दोन, आणि घरात कपाट एक." लोक खदाखदा हसले. मग सुदाम उठला.

"माझं नाव सुदाम लक्ष्मण साळवे," त्यानं स्वच्छ आवाजात सांगितलं. "जय भीम. आडनाव झाकलं तर माझा बापच झाकला जातो, म्हणून सांगितलं. इथं माझं गाव लिहिलंय. ते आता माझं नाही. का नाही, ते तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत असेल, नसेल तर बिरूला विचारा. मला गाव नाही. मी ज्याला गाव म्हणावं असं एकच ठिकाण या मुलखात आहे, ते विद्यापीठ. त्यालाही तुम्ही फलकावर नाव ठेवलं नाहीत. ते नाव मिळू द्या, मग गाव विचारा, मी सांगेन."

तो खाली बसला. मागच्या रांगेतले दोघं चहाच्या निमित्तानं उठून बाहेर गेले, ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. प्रभाकर कसनुसा होऊन पुढं आला. "सुदाम, अरे मी चांगल्यासाठीच... कुणाला लागू नये म्हणून..."

"व्हय रे, ठाऊक आहे मला. तुझा राग नाही. पण लागलं."

मग कुमुद पुन्हा उठली आणि माहेरचं, सासरचं अशी दोन्ही आडनावं सांगून बसली. तिच्या नंतरच्यानं नुसतं नावच सांगितलं, त्याच्या नंतरच्यानं आडनावासकट. तसंच अडखळत ते पार पडलं.

संध्याकाळी आम्ही सातआठजण शहागंजात नान-कलिया (मोठी तंदुरी रोटी आणि मटणाचा तिखट, तेलकट रस्सा) खायला गेलो. मला वाटलं होतं, सुदाम येणार नाही. तो सगळ्यात पुढं. शाकाहारी प्रभाकर नानचा तुकडा नुसत्या कांद्याशी चघळत त्याच्या शेजारी बसला होता, आणि दोघं वसतिगृहातल्या ढेकणांविषयी बोलत होते. मी मात्र नान मोडत नुसता बसलो होतो. इतकं बरं चाललंय म्हणजे पुढं काहीतरी वाढून ठेवलेलं असणार, ही आपली माझी रीत.

रविवारी पैठणला गेलो. एसटीत मेळाव्यातले निम्मेच लोक होते. वाटेत माझ्या गावाचा फाटा लागला. मी दाखवला नाही, त्यानं विचारलं नाही. धरणावर वारा चांगला होता, आणि नाथसागर डोळा पोचेल तिथपर्यंत पसरला होता. खाली बुडालेली गावं आहेत, असं प्रभाकर सांगत होता. एका विणकराच्या घरात कुमुदनं पैठणीच्या पदरावरचा मोर बोटानं चाचपून पाहिला, किंमत ऐकली आणि विणकराला मनापासून नमस्कार करून बाहेर आली. सुदाम त्या मागाजवळ बराच वेळ थांबला. "तुझ्या पोरीला अशी घेतोस का नाही?" त्यानं विचारलं. मी हं हं केलं. विषय त्यानंच काढला होता, तरी विचारायचं मी परतीच्या गाडीवर ढकललं.

परतीची गाडी वाळूजच्या पुढं गेली, पूल ओलांडला, तेव्हा कुठं मी धीर केला. "सुदाम, वैशाखात लग्न आहे. गावी. तू आलंच पाहिजे."

तो खिडकीबाहेरची करडई बघत होता. "यायचं म्हणतोय मी. मेळाव्याला आलो, म्हणजे पाय तर ठेवलाच की आता." मग माझ्याकडं वळून त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "पंगतीत कुठं बसायचं मी?"

आमच्या गावात लग्नाला बौद्धवाड्याला आवतण जातं. माणसं येतात, आणि त्यांची पंगत शेवटी, खळ्यात, वेगळी बसते. लहानपणापासून मी ते बघत आलोय. थोरला भाऊ डोळ्यांपुढं आला, भावकी आली, आईचं तोंड आलं. दोन दिवस मी रिक्षावाल्याचा, काकूंच्या कपांचा, प्रभाकरच्या बिल्ल्यांचा घोर लावून घेतला होता. आपल्या दारातल्या पंगतीचा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

"माझ्या शेजारी," मी म्हणालो. "दुसरीकडं कुठं बसणार?"

पण म्हणायला वेळ लागला. फार नाही, कंडक्टरनं एक तिकीट फाडावं एवढाच. तेवढ्यात सुदामला सगळं कळलं. तो हसला, पण ते बिल्ला वाचल्यावरचं तोंड होतं.

नगरला मी उतरलो. गाडी पुण्याला जायची होती. खिडकीतून त्यानं माझा हात दाबला. "रागावलो नाही मी, बिरू. भावाला विचारून घे आधी. मग कळव."

घरी आलो तर बायकोनं विचारलं, काय काय पाहिलं? मी धरण सांगितलं, कारखाने सांगितले, नान-कलिया सांगितला. तिनं विचारलं, "आणि भावजी येणार ना लग्नाला?" मी तिला गाडीतलं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "मग आता विचारायला जाणार, का सांगायला?"

परवा गावी निघतोय. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. भाऊ काय बोलेल, भावकी जेवायला बसेल का उठून जाईल, पोरीच्या लग्नात विघ्न तर येणार नाही ना, सगळं छातीवर बसलंय. पण विचारायला जात नाही. सांगायला जातोय.