काळ्या आंब्याच्या अलीकडे

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या एका हॉलमध्ये आम्हा मराठी लोकांचं तिळगूळ होतं. मी तिसऱ्या रांगेत मधोमध बसलो होतो. डावीकडे सहा खुर्च्या, उजवीकडे सात, सगळ्या भरलेल्या, आणि प्रत्येकाच्या मांडीवर गुळपोळीची डिश. समोर माइक घेऊन माझे वडील काळ्या आंब्याचं वर्णन करत होते. पानिपतात मराठे जिथे हरले, त्या जागेवरचा स्मारकस्तंभ. चौथऱ्याला कपाळ टेकवलं तेव्हा दगड किती गार होता, हे ते सांगत होते. तो स्तंभ त्यांनी पाहिलेला नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी मीच त्यांना घेऊन गेलो होतो. आमच्या घराण्यातला एक जण त्या लढाईतून परतला नाही, असं बाबा लहानपणापासून ऐकत आलेले. वय एकोणऐंशी. तीन महिन्यांसाठी ते माझ्याबरोबर आयर्लंडला येणार होते आणि विमान दिल्लीहून होतं, म्हणून त्याच दिवशी आधी पानिपत करायचं ठरलं. दिवस मी संक्रांतीचा निवडला, कारण लढाई संक्रांतीची. आणि ठिकाणं लढायांच्या क्रमाने लावली. आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी, मराठ्यांची. कागदावर ते अगदी बरोबर दिसत होतं.

धुक्यामुळे पोचायलाच साडेअकरा झाले. पहिल्या लढाईनंतर बांधलेल्या काबुली बाग मशिदीत पन्नास मिनिटं, इब्राहिम लोदीच्या कबरीपाशी चाळीस. तिथे बाबा म्हणाले, "हा आपला कोण लागतो?"

"क्रमाने बघू ना, बाबा."

दुसऱ्या लढाईची जागा शोधण्यात आणखी तास गेला. काळ्या आंब्याच्या रस्त्याला लागलो तर संक्रांतीसाठी महाराष्ट्रातून, हरियाणातून आलेल्या गाड्यांची रांग. अडीचला टॅक्सी थांबली ती थांबलीच. फोनवर पुढचं अंतर दिसत होतं पावणेदोन किलोमीटर. बाबांनी काठी घेतली आणि दार उघडायला लागले. मी विमानाची वेळ, धुकं, दिल्लीतलं ट्रॅफिक, सगळं जोडलं आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. विमानतळावर आम्ही साडेचार तास आधी पोचलो.

आणि आता हॉलमध्ये हे. टाळ्या झाल्या. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात वॉटरफोर्डहून आलेली एक तरुण डॉक्टर उभी राहिली.

"काका, माझ्या बाबांनाही तिथे न्यायचंय. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गाडी पार स्तंभापर्यंत जाते का?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "त्याला विचार. मिनिटामिनिटाचा हिशेब असतो त्याच्याकडे."

लोक हसले. माझ्या रांगेतले तेरा जण आणि पुढच्या दोन रांगा वळून माझ्याकडे बघायला लागल्या. ती वही-पेन घेऊन उभी. माझ्या उत्तरावर एक म्हातारा माणूस दुखऱ्या गुडघ्याने निघणार होता.

"संक्रांतीला जाऊ नका," मी म्हटलं. "गर्दीत गाडी पावणेदोन किलोमीटर आधीच अडते. आणि काळा आंबा पहिला बघा, बाकीचं नंतर."

"मग काका तेवढं चालले?"

"चालायला निघाले होते. मी चालू दिलं नाही. आम्ही तिथूनच परत फिरलो."

तिने वही मिटली. मग कोणीतरी म्हणालं, "असू दे हो, होतं असं," आणि चहा आला.

परतताना बाबा माझ्या शेजारी पट्टा लावून बसले होते. मागे बायको आणि मुलगी. मुलीने तिच्या आयरिश इंग्रजीत विचारलं, "इज आजोबा ग्रँड?" म्हणजे, ठीक आहेत ना. बायकोने तिला गप्प केलं. शॉपिंग सेंटरच्या सिग्नलपाशी मी म्हटलं, "बाबा, त्या डॉक्टरच्या वडिलांचा प्रश्न होता. आणि चूक माझीच होती, तेच सांगितलं मी."

"चूक तुझी होती हे मला त्याच दिवशी कळलं," ते समोर बघत म्हणाले. "मुलाने दारातून परत आणलं, हे चारचौघांत सांगायला लागू नये, म्हणून एवढं सगळं रचून बोललो मी. आणि तू उठून तेच सांगितलंस."

गाडीत आम्ही चौघं. घर अजून अकरा मिनिटांवर होतं.