विलासदादांचा पेन ड्राइव्ह

फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतो. खालच्या मजल्यावर, एक्स-रे विभागात, विलासदादा काम करता करता कोसळले होते... मी धावत पोचेपर्यंत सगळं संपलेलं. परदेशातल्या या शहरात, अल मलाझ वस्तीतल्या एका खोलीत आम्ही इतकी वर्षं राहिलो, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं काय, तर लॅपटॉप. सकाळी मी निघताना दादा म्हणाले होते, "आज ड्यूटीला जायच्या आधी इन्स्टॉल करूनच टाकतो."

तो लॅपटॉप म्हणजे दादांचा जीव. मुलगी सई लहान होती तेव्हापासून खेडहून येणारे तिचे व्हिडिओ कॉल ते त्यावर रेकॉर्ड करून ठेवत. तिचा पडलेला दात, शाळेचा पहिला दिवस, सगळं या माणसाने स्क्रीनवरच पाहिलं. पुढे मशीन थकलं आणि एके दिवशी काळ्या पडद्यावर एक ओळ दाखवून अडून बसलं. मी सुचवलं, लिनक्स नावाची फुकट सिस्टिम टाकू, तिचे हलके-जड बरेच प्रकार मिळतात. पेन ड्राइव्हवरून ती नुसती चालवून बघता येते, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. पसंत पडली की इन्स्टॉल करायची, पण तेव्हा जुनं सगळं पुसलं जातं.

झालं, दादांना नादच लागला. एकीत वायफाय लागेना. दुसरी देखणी, पण मुंगीच्या पावलांनी चालणारी. तिसरीत मराठी जोडाक्षरं तुटायची. चौथीत मात्र मला काहीच खोट दिसेना.

"दादा, सईच्या फायली कॉपी करून घ्या आणि टाका एकदाची."

"अरे बाबा, घाई कसली? त्या फोल्डरला हात लावायचीच भीती वाटते. चुकीचं बटण दाबलं की खलास." मग पुन्हा तेच, "बघतोय अजून, कुठली हलकी पडते ते."

मी चिडायचो. पण हा माणूस तसाच होता. यंदाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की परत, असं दर वर्षी म्हणायचे. खोलीच्या भिंतीत त्यांनी एक खिळा ठोकला नाही, कपडे कायम बॅगेत.

त्यांना गावी पाठवायचे सोपस्कार उरकले. मग वहिनींचा फोन आला. "भाऊजी, सईचं सगळं त्यातच आहे ना हो?" मी हो म्हणालो. दादांनी खरंच घाईघाईत इन्स्टॉल केलं असेल तर? तेही कॉपी न करता? कित्येक दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. कपडे काढताना, चहा करताना त्याच्याकडे पाहायचंही टाळायचो.

शेवटी एका शुक्रवारी पेन ड्राइव्ह काढून ठेवला आणि बटण दाबलं. नवी सिस्टिम उघडली तर सगळं गेलं, एवढं मला कळत होतं. पंखा घरघरला. पडदा काळाच राहिला... आणि तीच जुनी, अडून बसणारी ओळ आली. मी दादांच्या कॉटवर बसलो आणि रडलो. त्यांना धीर झालाच नव्हता.

पेन ड्राइव्ह लावून सगळं कॉपी केलं, वहिनींना पाठवलं. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला दादांचा आवाज आहे, "सई, दिसतोय का गं मी?"

आता डिस्क पुसायला काहीच हरकत नाही. सईला कॉलेजसाठी लॅपटॉप हवाय, पुढच्या सुट्टीत मीच नेणार आहे. रोज उघडतो, बाण इन्स्टॉलवर नेतो आणि बंद करतो. परवा वहिनींनी विचारलं, "टाकली का हो नवीन सिस्टिम?"

म्हटलं, "बघतोय अजून, कुठली हलकी पडते ते."